चालतंय ते का काढता? (डेबियन, जीटीके २ आणि आमचं मिलिंग मशीन)

उद्यमबाग_मिलिंग

नमस्कार मंडळी. रागाच्या भरात लिहायलोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे, पंपाच्या कास्टिंगचं मशीनिंग करतो. एका जुन्या मिलिंग मशीनचा कंट्रोलर २०२१ ला मेला. नव्या कंट्रोलरचं कोटेशन बघून पोटात गोळा आला. तेव्हा फायनल इयरच्या एका पोरानं डेबियन १० या फुकटच्या लिनक्स सिस्टीमवर लिनक्ससीएनसी २.८ हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. स्क्रीनच्या उजव्या बाजूला त्यानं स्वतः एक पॅनेल केलं : कूलंट, पार्टची मोजणी, पेट्या किती झाल्या, टूल कधी बदललं. लेबलं मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण दिवसपाळीचा ऑपरेटर येळ्ळूरचा आणि रात्रपाळीचा बैलहोंगलचा. तीन-चार वर्षं मशीन मुकाट चाललं.

परवा भाच्यानं "मामा, सिस्टीम लई जुनी झालीय" म्हणत रात्रीत डेबियन १२ वर नेलं. सकाळी पॅनेल गायब. आधी आलं 'मिसिंग पॅरेंथिसिस इन कॉल टू प्रिंट'. भाच्यानं कंस घातले. मग आलं 'नो मॉड्यूल नेम्ड जीटीके'. जीटीके म्हणजे स्क्रीनवर खिडक्या-बटणं काढून देणारी लायब्ररी, दुसऱ्या प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड. शोधल्यावर कळलं की ती लायब्ररी सांभाळणारं कुणी नाही म्हणून काढून टाकली. ते पोरगं आता बंगळूरला, फोन उचलत नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. चालणारी वस्तू काढायचा हक्क यांना दिला कुणी? आणि काढायचीच होती तर आधी सांगायला काय झालं होतं?

निपाणीकर

फुकटच्या सॉफ्टवेअरला हक्काचा प्रश्न विचारता होय. पैसे परत मागा. :)

उद्यमबाग_मिलिंग

निपाणीकर, पैसे दिले नाहीत ते खरं. पण त्या दिवशी दोन पाळ्या बुडाल्या, त्याचे कोण देणार?

तिसरं_गेट

काका, आधी एक विचारतो. अपग्रेडनंतर भाच्यानं ऑटोरिमूव्ह, म्हणजे न लागणारी पॅकेजं काढायची कमांड, मारलं होतं का?

उद्यमबाग_मिलिंग

विचारून सांगतो.

मारलं होतं. "जागा मोकळी होते" म्हणाला.

तिसरं_गेट

तिथंच घात झाला. मी डेबियनमध्ये थोडं पॅकेजिंग करतो, म्हणजे सॉफ्टवेअर त्यात बसेल असं बांधून देतो, नोकरी वेगळी आहे, हे रात्रीचं काम. त्यामुळं "यांना" मधला एक मीच समजा आणि शिव्या इकडंच पाठवा.

पहिली गोष्ट, जीटीके २ काढलेलं नाही. ते डेबियन १३ मध्येही आहे. गेलं ते पायजीटीके, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून जीटीके २ वापरायचा पूल. पायजीटीकेची शेवटची आवृत्ती २०११ ची. त्यानंतर त्याच्या लेखकांनीच सांगितलं की नवीन काम पायगोऑब्जेक्ट या नव्या पुलावर करा. आणि हा पूल फक्त पायथन २ वर उभा होता, ज्याची मुदत १ जानेवारी २०२० ला संपली. डेबियन १० मध्ये दोन्ही होतं. ११ मध्ये पायजीटीके नव्हतं, पायथन २ नावापुरतं होतं. १२ मध्ये तेही नाही.

दुसरी गोष्ट. डेबियन एखादं पॅकेज 'काढतं' म्हणजे नवीन आवृत्तीच्या भांडारात ठेवत नाही. तुमच्या पीसीत येऊन उचलून नेत नाही. जुनं पॅकेज अपग्रेडनंतरही बऱ्याचदा तसंच पडून राहतं, फक्त त्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. तुमच्याकडं काय झालं असणार ते सांगतो : पायजीटीके आलं होतं लिनक्ससीएनसी २.८ च्या मागोमाग. २.९ पायथन ३ आणि जीटीके ३ वर गेलं, त्याला ते लागेना. मग ऑटोरिमूव्हच्या दृष्टीनं ते बेवारस. झाडून टाकलं.

उद्यमबाग_मिलिंग

म्हणजे लायब्ररी भाच्यानं काढली, डेबियननं नाही?

तिसरं_गेट

दोघांनी मिळून. :)

शहापूर_माग

आमच्यात हे रोजचं आहे हो. वडगाव-शहापूरकडं अजून असे माग आहेत की ज्यांचे पार्ट बनवणारी कंपनीच उरली नाही. दात झिजलेलं चाक घेऊन उद्यमबागेत तुमच्याचसारख्या कुणाकडं तरी जायचं, तो मापं घेऊन कापून देतो. माग चालतो. पण चालतो तो त्या माणसामुळं. तो म्हातारा बसला की मागही बसला.

निपाणीकर

म्हणजे तुमच्याकडं डेबियन मेंटेनर लेथवर बसलाय.

गणपत_गल्ली_डीटीपी

मी उद्यमबागवाल्यांच्या बाजूनं. 'सांभाळत नाही' म्हणजे 'बिघडलंय' असं नव्हे. काही गोष्टी पूर्ण झालेल्या असतात. पाटा-वरवंट्याला कुठं अपडेट लागतो?

आणि घाई तरी कसली? जीटीके या नावातला 'जी' जिम्पचा, म्हणजे फोटो-चित्रांवर काम करायच्या प्रोग्रॅमचा. जिम्पसाठीच ती लायब्ररी जन्मली. जीटीके ३ आलं २०११ ला, आणि खुद्द जिम्प जीटीके ३ वर कधी गेलं? मार्च २०२५, आवृत्ती ३.०. घरच्या पोराला चौदा वर्षं लागली आणि आमच्या मिलिंगवाल्यांनी रात्रीत करायचं?

खानापूर_पॉलिटेक्निक

डीटीपी दादा, पाटा-वरवंटा इंटरनेटला जोडलेला नसतो. त्यावर कुणी बाहेरून आलेली फाईल उघडत नाही. लायब्ररीच्या खालची जमीन हलत असते : कंपायलर बदलतो, कर्नल बदलतो, खालच्या दुसऱ्या लायब्ररी बदलतात. वरची आहे तशी ठेवायची म्हटलं तरी कुणाला तरी दर वर्षी ठिगळ लावावं लागतं. जीटीके २ ची शेवटची आवृत्ती, २.२४.३३, डिसेंबर २०२० ची, त्याच महिन्यात जीटीके ४ आलं. त्यानंतर जीटीके २ मध्ये भोक सापडलं तर मूळ लेखक हात लावणार नाहीत. लावलंच तर 'तिसरं गेट'सारखा कुणी रात्री बारानंतर लावणार. जीटीके २ ला वेलँड ही लिनक्सची स्क्रीनवर दाखवायची नवी पद्धतही कळत नाही, मधे एक्सवेलँडचा दुभाषी ठेवावा लागतो.

गणपत_गल्ली_डीटीपी

ताई, भोकाचं म्हणाल तर एक्सझेड ही फाईली दाबून लहान करणारी लायब्ररी आठवा. मार्च २०२४. ती लायब्ररी बेवारस नव्हती, चांगली सांभाळली जात होती. सांभाळायला आलेल्यानंच ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसवला. मेलेल्या लायब्ररीत निदान नवा चोर तरी येत नाही.

खानापूर_पॉलिटेक्निक

मुद्दा मान्य, पण अर्धाच. तो माणूस आत आला कसा? मूळ सांभाळणारा एकटा, थकलेला, आणि लोक मागे लागलेले की नवी आवृत्ती कधी. मदतीचा हात म्हणून आलेल्याला त्यानं किल्ल्या दिल्या. बेवारस होण्याच्या काठावर असतानाच हे होतं. आणि सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला म्हणून.

बैलूर_रोड

अर्धा सेकंद! आमच्याकडं लॉगिनला अर्धा मिनिट लागलं तरी आम्ही चहा सांगतो.

निपाणीकर

हहपुवा

सांबरा_विमान

रच्याकने, लायब्ररी नव्या कामाला वापरू नका असं जाहीर करतात त्या 'डेप्रिकेट'ला मराठीत काय म्हणायचं? कालबाह्य म्हणावं तर ती अजून चालते. रद्द म्हणावं तर रद्द नाही.

शहापूर_माग

मोडीत काढणे.

सांबरा_विमान

मोडीत म्हणजे भंगारवाल्याला दिली. डेप्रिकेट केलेली अजून घरातच असते ना?

उचगाव_पाटी

आमच्या आजीचा पितळी स्टोव्ह. गॅस आला त्या दिवशी आजोबांनी सांगितलं, आता नवीन स्वैपाक त्यावर शिकायचा नाही. फेकला नाही. सिलिंडर संपला की तोच निघायचा. पुढं त्याचा वायसर मिळेना, मग माळ्यावर. मग एका दिवाळीला भांडीवाला आला.

माझ्या मते गॅस आला तो दिवस म्हणजे डेप्रिकेट. माळा म्हणजे ऑब्सोलीट. भांडीवाला म्हणजे रिमूव्ह.

तिसरं_गेट

उचगावकर, हे इतकं नेमकं आहे की फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या नियमात घालावं. त्यांच्याकडं खरोखर असंच आहे : पॅकेजवर 'डेप्रिकेटेड' असा शिक्का मारतात. त्यानंतर नवीन पॅकेज त्यावर अवलंबून राहू शकत नाही, जुनी राहू शकतात. लिबडीबी म्हणजे बर्कले डीबी या डेटाबेस लायब्ररीचं फेडोरा ३३ ला असंच झालं. ओरॅकलनं ६.० पासून परवाना जास्त कडक अशा एजीपीएलवर नेला, म्हणून फेडोरा ५.३ वरच थांबलं होतं. त्याच ३३ मध्ये आरपीएमनं (फेडोराचं पॅकेजं बसवायचं साधन) आपला डेटाबेस बर्कले डीबीवरून एसक्यूलाईटवर नेला. आधी स्वतःचं घर हलवलं, मग इतरांना सांगितलं.

डेबियनमध्ये असा एक शिक्का नाही, तिथं बगचा मार्ग. आधी बघायचं की या लायब्ररीवर कोण कोण उभं आहे. प्रत्येकाच्या दारात एक बग टाकायचा, सुरुवातीला सौम्य. थांबायचं. मग त्याच बगची तीव्रता वाढवायची. 'सीरियस' झाला की ते पॅकेज टेस्टिंगमधून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून, आपोआप बाहेर पडायच्या वाटेला लागतं. शेवटचा भाडेकरू गेला की लायब्ररी काढा अशी विनंती. पायथन २ च्या वेळी 'पायटूरिमूव्हल' अशी चिठ्ठी लावलेले हजारो बग होते. त्यातले थोडे मीही हाताळले. सगळ्यात त्रास व्हायचा तो अशा पॅकेजचा की ज्याचा मूळ लेखक उत्तरच देत नाही. शिवी दिली तरी बरं वाटायचं, माणूस जिवंत आहे म्हणून.

सांबरा_विमान

मग मराठी शब्द?

उचगाव_पाटी

'गॅस आला.'

निपाणीकर

सूचना : पीसीआरई या लायब्ररीला गॅस आलेला आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.

तिसरं_गेट

पीसीआरईची (मजकुरात नमुने शोधणारी लायब्ररी) तर गंमतच आहे. जुनी मालिका ८.४५ वर जून २०२१ ला संपली, नवी पीसीआरई२ २०१५ पासून आहे. पण डेबियनमध्ये जुन्या पॅकेजचं नाव 'पीसीआरई३' आणि नव्याचं 'पीसीआरई२'. म्हणजे ३ काढून २ बसवायचं. हे समजावता समजावता केस पांढरे झाले.

हिंडलगा_नाका

आमच्याकडं रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट निदान ओळीनं तरी आहेत.

गणपत_गल्ली_डीटीपी

विषयांतर होतंय, पण लायब्ररी बदलल्यानं माझा फायदाही झालाय, तेवढं कबूल करतो. नाहीतर ताई म्हणतील एकच बाजू लावतोय.

लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सोसायटीचे अहवाल. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही. पूर्वी सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. कन्नड मजकूर नुडी या सॉफ्टवेअरात टाईप होऊन यायचा, मराठी दुसऱ्याच कुठल्या फॉन्टात, आणि फॉन्ट नसला की स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची भेळ. ते फॉन्ट हाच माझा पहिला बेवारस वारसा. आजही एखाद्या मंडळाची जुनी सीडी घेऊन कुणी येतं आणि मी दोन तास डोकं फोडतो.

मग युनिकोड आलं, तरी अक्षरं जोडायचं काम प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या परीनं करायचा. आयसीयू या लायब्ररीचं लेआउट इंजिन होतं, पँगो या दुसरीचं स्वतःचं होतं. एका ठिकाणी 'कुऱ्हाड' बरोबर, दुसरीकडं तोच मजकूर चिकटवला की अर्ध्या र ऐवजी रफार. एकदा पत्रिकेवर 'ऱ्हे'चं आडनाव असं काही छापलं गेलं की नवऱ्याकडच्यांनी पाचशे पत्रिका परत आणल्या. पैसे माझेच गेले. पुढं आयसीयूवाल्यांनी ५४ व्या आवृत्तीत, २०१४ ला, ते इंजिन 'गॅस आला' केलं, सरळ सांगितलं अक्षरं जोडायला हार्फबझ ही लायब्ररी वापरा, आणि २०१६ ला ५८ मध्ये काढूनच टाकलं. लिब्रेऑफिस ५.३ पासून सगळीकडं हार्फबझ. तेव्हापासून अर्धा र एकाच जागी दुरुस्त होतो आणि सगळीकडं दुरुस्त दिसतो.

म्हणजे काढायला माझा विरोध नाही. काढताना शेजारी गॅसची शेगडी ठेवलेली हवी, एवढंच.

खानापूर_पॉलिटेक्निक

दादा, या पोस्टला अनुमोदन. आणि ते पाचशे पत्रिकांचं ऐकून वाईट वाटलं.

बैलूर_रोड

मूळ धाग्यावर येतो. मशीनच्या पीसीला इंटरनेट हवंच कशाला? डेबियन १० परत टाका, नेटची वायर काढा, विषय संपला. ज्याला बाहेरचं जग नाही त्याला सुरक्षेचे अपडेट काय करायचेत?

उद्यमबाग_मिलिंग

मी तेच करणार आहे. जुन्या सिस्टीमची हार्डडिस्कची कॉपी त्या पोरानं करून ठेवली होती, कपाटात सापडली.

हिंडलगा_नाका

वायर काढली तरी पेन ड्राईव्ह येतो ना? ऑफिसच्या पीसीवरून जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायचा प्रोग्रॅम, कसा नेता? आमच्या फाऊंड्रीत सगळे व्हायरस पेन ड्राईव्हवरूनच आले, एकही वायरीतून नाही.

तिसरं_गेट

दोघंही बरोबर. काका, आत्ता पाळी चालू करण्यासाठी जुनी डिस्क लावा, त्यात कमीपणा काही नाही. मशीनचा पीसी इतर जाळ्यापासून तोडा आणि जी-कोडसाठी एकच पेन ड्राईव्ह ठेवा. डेबियन १० ची एलटीएस, म्हणजे वाढीव सांभाळाची, मुदतही ३० जून २०२४ ला संपली आहे हे लक्षात असू द्या. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांचं भांडार वेगळं जपून ठेवलेलं असतं, त्यामुळं एखादं पॅकेज लागलंच तर मिळेल. पण आज मदरबोर्ड उडाला आणि नवा घेतला, तर डेबियन १० च्या कर्नलला त्यातलं सगळं ओळखता येईलच असं नाही. तेव्हा पॅनेल दुसरीकडं हलवायची तयारी आत्ताच करा.

एक महत्त्वाचं : इमर्जन्सी स्टॉप त्या पॅनेलवर नव्हता ना?

उद्यमबाग_मिलिंग

नाही हो. तो लाल बटण वायरनंच आहे, थेट ड्राईव्हची पॉवर तोडतो. त्यात त्या पोरालाही हात लावू दिला नव्हता.

शहापूर_माग

शाबास.

खानापूर_पॉलिटेक्निक

काका, पॅनेलचा कोड किती ओळींचा आहे? पाठवता का? सुट्टी आहे, विद्यार्थ्यांना दाखवायलाही उदाहरण होईल. 'कुणी आधी सांगितलं नाही' हा तुमचा प्रश्न अजून तसाच आहे, तो मी विसरले नाही. खरं सांगायचं तर सांगितलेलं असतं. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर रिलीज नोट्स येतात, अपग्रेड करण्याआधी त्या वाचायच्या असतात. पण त्या इंग्रजीत, लांबलचक, आणि वाचणारा कोण? तुमचं पॅनेल कुठल्याच भांडारात नव्हतं. ते फक्त तुमच्या वर्कशॉपात होतं. डेबियनला ते आहे हे कळणारच कसं? 'तिसरं गेट' भाडेकरू मोजतात ते भांडारातले.

तिसरं_गेट

हे अगदी खरं, आणि टोचतं. आम्ही यादी काढतो तेव्हा शून्य आला की सुटकेचा श्वास सोडतो. त्या शून्यात काकांचं मिलिंग मशीन मोजलेलं नसतं.

उद्यमबाग_मिलिंग

ताई, चारशे ओळींच्या आसपास आहे. व्यनि केलाय.

संचालक

दुसऱ्या एका प्रतिसादात सीमाप्रश्न सुरू झाला होता, तो उडवला आहे. पॅनेलवर आधी मराठी लेबल की आधी कन्नड, यावर इथं चर्चा नको.

निपाणीकर

णिषेध. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो.

उद्यमबाग_मिलिंग

धागा वर काढतो. पंधरा दिवस झाले.

खानापूरच्या ताई दोन विद्यार्थ्यांना घेऊन रविवारी वर्कशॉपात आल्या. डेबियन १२ दुसऱ्या डिस्कवर टाकलं, जुनी डिस्क कपाटातच. मला कळलं तेवढं सांगतो. 'इम्पोर्ट जीटीके' ची ओळ बदलली. प्रिंटला कंस. टूल किती झिजलं याचं चित्र काढणारा भाग 'एक्स्पोज इव्हेंट' वर होता, जीटीके ३ मध्ये त्याला 'ड्रॉ' म्हणतात, तो जवळजवळ नव्यानं लिहिला. मशीनला जोडणाऱ्या हॅलच्या पिना होत्या तशाच राहिल्या. संध्याकाळी पाचला पॅनेल उघडलं. कन्नड लेबलं पूर्वीपेक्षा चांगली दिसायला लागली, रात्रपाळीवाला खूश.

मग रात्री साडेदहाला त्याचा फोन. "साहेब, पेट्या साडेतीन दाखवायलाय. अर्धी पेटी कुठं ठेवू?"

एका पेटीत बारा पार्ट. बेचाळीस झाले होते.

खानापूर_पॉलिटेक्निक

हे माझ्या नजरेतून सुटलं, काका. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तर पूर्णांकच यायचं, बेचाळीस भागिले बारा म्हणजे तीन. पायथन ३ मध्ये साडेतीन येतं. तिथं एकाऐवजी दोन तिरक्या रेघा द्यायच्या. एरर येत नाही म्हणून लक्षात आलं नाही. बाकी कुठं भागाकार आहे का तेही तपासते, कूलंटच्या वेळेत एक आहे असं वाटतं. तोवर त्या आकड्यावर विसंबू नका.

तिसरं_गेट

हीच सगळ्यात वाईट जात. जे उघडत नाही ते परवडतं.

उद्यमबाग_मिलिंग

रेघ मारली. आता तीन पेट्या आणि सहा सुटे असं दाखवतं. सुटे दाखवायचं त्या विद्यार्थ्यांनीच वाढवलं.

आता मला एवढंच सांगून ठेवा, हे जीटीके ३ कधी काढणार?

तिसरं_गेट

जीटीकेवाल्यांनी सांगितलंय की जीटीके ५ आलं की ३ चा सांभाळ थांबेल. त्यानंतर डेबियन-फेडोरासारख्या डिस्ट्रोमधून जायला आणखी काही वर्षं. ५ अजून आलेलं नाही. आलं की इथंच येऊन सांगतो.

उचगाव_पाटी

आणि भाच्याला?

उद्यमबाग_मिलिंग

त्याला पासवर्ड बदललेला सांगितलेला नाही.